ब्रायनच्या जागी

हॅरिस पार्क, सिडनी
२७ एप्रिल २००८

ती. भास्करमामा,

नमस्कार. फोनवर माझं निम्मं बोलणं तुमच्या कानापर्यंत पोचत नाही आणि उरलेलं निम्मं पोचल्यासारखं तुम्ही करता. म्हणून तुमच्या हुकमाप्रमाणे कागदावर लिहिते आहे.

मी मजेत आहे. दोन खोल्यांत आम्ही पाच जणी राहतो. सकाळी बाथरूमपुढे लाइन लागते आणि नाशिकची चारुता रोज पहिला नंबर मारते. ती इथे केस कापायचं शिकते, मी अकाउंटिंग शिकते, आणि मनात सगळ्याच जणी पीआरचा जप करतात. पीआर म्हणजे इथे कायम राहण्याची परवानगी. यंदा आपली मुलं इतकी आली आहेत की स्टेशनवर उतरलं की आधी जिलेबीचा वास येतो.

स्टुडंट व्हिसावर आठवड्याला वीस तास काम करता येतं. मी एका एजन्सीकडून म्हाताऱ्या माणसांची घरं साफ करायला जाते. आईला हे सांगू नका, तिच्या मते मी एसी ऑफिसात बसते. दर बुधवारी वेंटवर्थव्हिलला रॉस नावाच्या गृहस्थांकडे जायचं असतं. वय बासष्ट, एकटेच, तरुणपणी व्हिएतनामच्या लढाईत होते. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, घरात कुणी सैन्यात आहे का? म्हटलं, माझे मामा मराठा पलटणीत हवालदार होते, लंकेत जाऊन आलेत. माणूस उठला आणि माझ्यासाठी स्वतः चहा केला. अगदी भिकार चहा होता, पण उभं राहून दिला.

परवा पंचवीस एप्रिलला इथे अँझॅक डे होता, लढाईत गेलेल्यांचा दिवस. रॉस म्हणाला, ‘ये. पहाटे यावं लागेल.’ गेले. थंडीत, अंधारात, पार्कातल्या स्मारकापुढे हजारभर माणसं उभी. तान्ही पोरं घेतलेल्या बायका, पायात रबरी चपला घातलेली कॉलेजची मुलं, काठी टेकणारे म्हातारे. बिगुल वाजला आणि मग कुणी खोकलंसुद्धा नाही. मामा, आपल्याकडे मंगलाष्टकं चालू असताना पंगतीच्या चौकशा होतात! मला तिथलं कुणी ओळखत नव्हतं, गेलेल्यांतलं मी कुणाला ओळखत नव्हते, तरी डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी इतकी मोठी शांतता आयुष्यात पहिल्यांदा ऐकली.

पण खरं सांगायचं आहे ते पुढचं. नंतर रॉसच्या स्वयंपाकघरात त्याचा पलटणीतला दोस्त ब्रायन आला. दोघांनी खिशातून एकेक रुमालाची पुरचुंडी काढली आणि टेबलावर सोडली. आत रायफलचा बोल्ट. तुम्हाला मी काय सांगणार, पण मला तेव्हाच कळलं की तो मागेपुढे सरकणारा लोखंडी दांडा काढला की रायफल म्हणजे नुसती काठी. रॉसचा बोल्ट वर्षभर ब्रायनकडे असतो आणि ब्रायनचा रॉसकडे. दोघेही लायसनवाले. क्लबात नेमबाजीला जातात ते जोडीनेच, कारण दोघं एकत्र आल्याशिवाय कुणाचीच रायफल चालत नाही. तर दोघांनी आपापला बोल्ट पुसला, तेल दिलं. मग ब्रायन म्हणाला, ‘या वर्षी परत हवा?’ रॉस म्हणाला, ‘या वर्षी नको, मेट.’ मग रॉसने तेच विचारलं, ब्रायनने तेच उत्तर दिलं. पुरचुंड्या पुन्हा अदलाबदल होऊन खिशात गेल्या. सतरा वर्षं असं चाललंय म्हणे. माझ्या अंगावर काटा आला आणि का आला ते कळेना.

तुम्ही फौजी आहात, तुम्हीच सांगा. शिपाई आपला बोल्ट दुसऱ्याला का देईल?

मामीला: इथे तूरडाळ चांगली मिळते, पण आपल्यासारखी शिजत नाही.

तुमची,
मयूरा


वाघजाईवाडी, ता. कोरेगाव, जि. सातारा
१५ मे २००८

चि. मयूरा,

आशीर्वाद. पत्र मिळालं. अक्षर सुधार. मुंगी शाईत पडून कागदावर फिरल्यासारखं दिसतं.

वडीलधाऱ्या माणसाला तू नुसतं ‘रॉस’ म्हणतेस, हे वाचून तुझ्या मामीने कपाळाला हात लावला. तिथली रीत असेल तर असो. लोकांची घरं साफ करतेस यात आईपासून लपवण्यासारखं काही नाही. मी बराकीत अकरा वर्षं फरशी घासली, वर सरकारने मेडल दिलं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: शिपाई आपला बोल्ट दुसऱ्याला देत नाही. मला ते पटलेलं नाही. आमच्या एका रंगरुटाचा बोल्ट रानात पडला होता. सबंध कंपनी तीन दिवस गुडघ्यांवर बसून गवत चाचपत होती. तिसऱ्या दिवशी सापडला तेव्हा सुभेदारसाहेबांनी त्या पोराला मिठी मारली आणि मग महिनाभर पाठीवर वजन देऊन पळवलं. हत्याराची किंमत ही अशी असते. तुझी ही दोन म्हातारी माणसं रुमालात बांधून वाटतात काय, जत्रेतला प्रसाद आहे तो?

माझ्या दुनळी बंदुकीचं लायसन सोळा वर्षांचं आहे. कलेक्टर कचेरीचे उंबरे झिजवून मिळवलेला हक्क आहे तो. तिला मी दुसऱ्याचा हात लागू देत नाही. रोज सकाळी स्वतः साफ करतो. हत्याराकडे दुर्लक्ष केलं की काय होतं ते उल्हासचं झालं. तुझ्या बारशाला पेढे घेऊन आलेला माझा जोडीदार. घरी बंदूक साफ करताना अपघात झाला. लक्ष नव्हतं त्याचं, एवढंच.

बँकेतल्या गार्डच्या नोकरीचं मागे विचारलं होतंस. सध्या रजेवर आहे. हक्काची रजा आहे.

मामीसाठी तू डाळ-तांदळाचं लिहितेस तो मजकूर मी ओलांडून पुढे जातो, तेव्हा तो शेवटी लिहीत जा. टपाल माझ्याच हातात येतं.

तुझा मामा,
भास्कर जगदाळे

(याच पाकिटात, कॅलेंडरच्या फाडलेल्या पानाच्या मागे)

मयू, हे अंगणात आहेत तेवढ्यात लिहून पाकिटात सारते. रजाबिजा काही नाही. मार्चात बँकेपुढे ट्रकचा टायर फुटला. यांनी सगळ्यांना खाली पडा म्हणून ओरडून दारात उभ्या असलेल्या माणसांवर बंदूक धरली. पेन्शन घ्यायला आलेली म्हातारी माणसं होती गं. कुणाला काही झालं नाही, पण साहेबांनी यांना घरी बसवलं. तेव्हापासून जेवत नाहीत, झोपत नाहीत. सकाळी बंदूक मांडीवर घेऊन बसतात ती दुपारपर्यंत. काल म्हणाले, उल्हास सुटला. मला भीती वाटते. काडतुसं मी तूरडाळीच्या डब्यात लपवली आहेत. यांना कळू देऊ नकोस. तू फौजी माणसाकडे जातेस ना, त्याला विचार काय करायचं. रेखामामी.


हॅरिस पार्क
८ जून २००८

ती. मामा,

नमस्कार. अक्षर सुधारलंय, बघा.

एक गंमत सांगते, सहज आठवली म्हणून. गेल्या बुधवारी शेजारच्या गॅरेजचं शटर धाडकन पडलं. वळून बघते तर रॉस टेबलाखाली. मीही टेबलाखाली जाऊन बसले. दोन मिनिटांनी तो म्हणाला, ‘आता आलीच आहेस तर इथली धूळ पूस.’ दोघं खूप हसलो. मग त्याने सांगितलं, पस्तीस वर्षं होतंय हे, सुपरमार्केटातही झालंय. आधी लाजेने घराबाहेर पडणं सोडलं होतं. आता दर मंगळवारी तो एका समुपदेशक बाईंकडे जातो, तिथे असेच सात-आठ जण गोल बसून बोलतात. तो म्हणतो, पहिले सहा महिने मी फक्त बिस्किटं खाल्ली.

तुमचा निरोप त्याला दिला की मामांना बोल्टचं पटलेलं नाही. तो म्हणाला, ‘मामा बरोबर बोलतात.’ मग त्याने मिकचं सांगितलं. हे तीन दोस्त होते. रॉस, ब्रायन आणि मिक. एक्याण्णव साली मिकने स्वतःच्याच रायफलने स्वतःला संपवलं. त्याच्या आदल्या दिवशी तिघं एकत्र जेवले होते. अंत्यविधीहून परत येताना गाडीत ब्रायनने रॉसला विचारलं, ‘तुझ्या मनात येतं?’ रॉस म्हणाला, ‘येतं. तुझ्या?’ ब्रायन म्हणाला, ‘येतं.’ त्या संध्याकाळी बोल्टची पहिली अदलाबदल झाली.

मी विचारलं, म्हणजे सरकारने बंदुका काढून घेतल्या ते तुला बरं वाटलं असेल? कारण इथे शहाण्णव साली एका माणसाने पस्तीस लोक मारले, त्यानंतर सरकारने बऱ्याच जातींच्या बंदुका बंद केल्या आणि लोकांकडून जमा करून घेतल्या. रॉस एकदम तापला. त्याचीही एक गेली होती. त्या वेळी मोर्च्यात जाऊन तो घसा बसेपर्यंत ओरडला होता, आणि आजही म्हणतो की माझ्या कपाटात हात घालायचा सरकारला काय हक्क? मी म्हटलं, मग बोल्ट कसा दिलास? तो म्हणाला, ‘तो कुणी मागितला नव्हता, लव्ह. तो मी दिला. कुणी चोरून घेतला असता तर मी दुसरा पैदा केला असता.’

हे मी चार दिवस घोकते आहे. मामा, केवढी ताकद लागत असेल याला! आपल्याला आपलीच भीती वाटते, हे दुसऱ्या माणसाला तोंडावर सांगायला.

मामीला: तूरडाळीच्या डब्यात दुसरं काही ठेवू नये, डाळ खराब होते असं इथले जाणकार म्हणतात. जे ठेवलं असेल ते ज्याचं त्याला दाखवून, विचारून मगच दुसरीकडे ठेवावं.

मयूरा


हॅरिस पार्क
१० ऑगस्ट २००८

ती. मामा,

दोन महिने झाले, तुमचं पत्र नाही. फोन केला तर मामी ‘सगळं बरं आहे’ म्हणते आणि ठेवून देते. तिचा आवाज बरा नसतो.

मला वाटतं, मी मोठा घोळ केला. डाळीचा मजकूर तुम्ही ओलांडून जाता असं तुम्हीच लिहिलं होतं, म्हणून मामीला त्यात निरोप घातला. स्वतःला फार शहाणी समजत होते. तुम्ही तो वाचलात का? मामीवर रागावू नका. रागवायचं तर माझ्यावर रागवा, मी लांब आहे, मला लागणार नाही. आता सरळच लिहिते: मला सगळं माहीत आहे. बँकेचं, टायरचं, मांडीवरच्या बंदुकीचं. उल्हासमामांचा अपघात नव्हता हेही मला आता कळतंय. मला तुमच्या जिवाची भयंकर भीती वाटते आहे. दर बुधवारी दार उघडायच्या आधी रॉसची वाटते आणि इतर सहा दिवस तुमची.

इथे वाईट झालं. गेल्या महिन्यात ब्रायन गेला. बागेत गुलाब छाटत होता, हृदय थांबलं. त्याची रायफल आणि रॉसकडे असलेला तिचा बोल्ट त्याच्या मुलीने पोलिसात जमा केला. ती मुलगी रॉसचा बोल्ट रुमालात बांधून परत द्यायला आली, तेव्हा मी तिथेच होते. ती गेल्यावर रॉस टेबलाशी बसला. पुढ्यात तो बोल्ट. सतरा वर्षांत पहिल्यांदा रायफल आणि बोल्ट ब्रायनशिवाय एका छपराखाली आले होते.

माझी वेळ संपली, पण मी गेले नाही. ओव्हन घासला, आधी एकदा घासला होता तोच. शेवटी तो म्हणाला, ‘तू ठेवतेस?’ मला ठेवता येत नाही, मामा. लायसन नाही, व्हिसा जाईल. मी रडायलाच लागले. माझं रडणं बघून तो उठला, कोट घातला आणि म्हणाला, ‘चल.’ आम्ही त्याच्या गाडीतून पॅरामाटाच्या एका परवानेवाल्या दुकानात गेलो. तिथे त्याने रायफल आणि बोल्ट दोन्ही ठेवायला दिलं. दुकानदाराकडून लिहून घेतलं की हा कागद दाखवल्याशिवाय मलासुद्धा परत द्यायचं नाही. सही सरळ आली. तो दुकानदार चाळिशीचा, दांडगा माणूस. त्याने टोपी काढली.

गाडीत बसल्यावर रॉस म्हणाला, ‘आता हा कागद माझ्याच खिशात आहे. उद्या जाऊन परत आणीन. ब्रायनची जागा रिकामी आहे.’ म्हटलं, कागद तर मी ठेवू शकते ना? तो म्हणाला, ‘तू घाबरून विचारशील. ब्रायनला ते आतून माहीत होतं, म्हणून विचारायचा.’

मी म्हटलं, माझे मामा आहेत.

त्याने कागद माझ्या हातात दिला. तो या पाकिटात आहे. त्याने सांगितलंय: ‘हवालदारांना सांग, हुकूम नाही, विनंती आहे. जागा घेतील का?’

घ्याल का, मामा?

मयूरा


वाघजाईवाडी
१२ ऑक्टोबर २००८

चि. मयूरा,

आशीर्वाद. तुझी दोन्ही पत्रं मिळाली. उत्तराला उशीर झाला, त्याची कारणं सांगतो. हे पत्र मी चार बैठकांत लिहिलं आहे.

तुझा डाळीचा मजकूर मी वाचला. मी सगळाच मजकूर वाचतो. ओलांडतो असं नुसतं म्हणतो, नाहीतर तुम्ही बायका माझ्यापुढे काही लिहिणार नाही. वाचल्यावर डबा उपडा केला. स्वयंपाकघरभर डाळ आणि डाळीत माझी काडतुसं. तुझ्या मामीला मी जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. बत्तीस वर्षांच्या संसारात बोललो नव्हतो. स्वतःच्या घरात माझी झडती झाली, असं मला वाटलं. काडतुसं उचलून घेतली आणि मुद्दाम बंदुकीशेजारी ठेवली. कुणी हात लावून दाखवा, अशी. दोन महिने आम्ही एका घरात दोन पाहुण्यांसारखे राहिलो. ती डाळ तिने दाणा न् दाणा गोळा केली.

आता ऐक. त्या दिवसांत मी काय योजत होतो ते तुला कळलं आहे, म्हणून लपवत नाही. दिवससुद्धा धरला होता. तुझं ऑगस्टचं पत्र आलं ते त्याच्या आधी सहा दिवस.

पाकिटातून तो इंग्रजी कागद पडला. माझं इंग्रजी फौजी आहे, पण रायफलचा नंबर मला वाचता येतो. मी तो नंबर पाच-सहा वेळा वाचला. जगाच्या त्या टोकाला एक शिपाई. ना त्याने मला पाहिलं, ना मी त्याला. आणि त्याने स्वतःचा जीव टपालाने माझ्याकडे पाठवला होता. पोरी, मला मेडल मिळालं तेव्हा असं वाटलं नव्हतं. मार्चपासून जो तो माझ्याकडून काहीतरी काढून घ्यायला बघत होता. बँकेने नोकरी घेतली, बायकोने काडतुसं घेतली, गावाने रामराम घालायचं सोडलं. आणि हा माणूस म्हणतो, माझं तुम्ही सांभाळा. मी ओसरीवर बसून मोठमोठ्याने रडलो. मामी पळत आली, तिला वाटलं झालंच काही. तिला कागद दाखवला. तिला वाचता आला नाही, पण समजला.

धरलेला दिवस आला तेव्हा तो कागद माझ्या ट्रंकेत होता. मी गेलो असतो तर त्याला विचारणारा पुन्हा कुणी नव्हता. पहारा सोडून जाता येत नाही. तेवढ्यावर तो दिवस मी काढला. मग पुढचा काढला.

आता उल्हासचं. आम्ही सहा जण त्याच्या घरी गेलो होतो. बंदूक साफ करताना, असं त्याच्या बापाने सांगितलं. बंदूक साफच होती, मी पाहिली होती. आम्ही सहाही जण ‘होय, अपघात’ म्हणालो आणि घरी आलो. वाटेत कुणी कुणाला विचारलं नाही, तुझ्या मनात येतं का. ब्रायनने विचारलं. एवढं एक वाक्य बोलायला आम्हां सहा मराठ्यांची छाती झाली नाही. त्या ब्रायनला मी इथूनच सलाम केला आहे.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारं पुजतात. यंदाही बंदूक पाटावर ठेवली. मामीने हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं वाहिली. पूजा झाल्यावर मी तिला म्हटलं, रेखा, मला हिची भीती वाटते. ती आत गेली आणि बाहेर जाण्याचं लुगडं नेसून आली.

दोघं कोरेगावच्या ठाण्यात गेलो. बंदूक जमा करायची म्हटल्यावर ठाणे अंमलदार म्हणाला, ‘आबा, इलेक्शनला अजून टाइम आहे. आत्ताच कशाला?’ आपल्याकडे बंदूक जमा करायची ती फक्त निवडणुकीत, हे तुला माहीत आहे. म्हटलं, माझी निवडणूक झाली. त्याला काही समजलं नाही, पण पावती दिली. बंदुकीच्या नळीला झेंडूची पाकळी चिकटली होती, ती तशीच आत गेली.

ती पावती सोबत आहे. झेरॉक्स नाही, अस्सल आहे. ही दाखवल्याशिवाय बंदूक मिळायची नाही. ती रॉससाहेबांच्या हातात दे आणि सांग: ब्रायनच्या जागी हवालदार भास्कर जगदाळे हजर आहे. त्यांचा कागद ट्रंकेत माझ्या मेडलखाली ठेवला आहे. ते मागतील तेव्हा देईन, पण आधी विचारीन.

तुझा मामा

(त्याच कागदावर, खाली)

मयू, या वेळी हे शेजारी बसलेत आणि मी लिहितेय. पुढच्या महिन्यात पुण्याला मिलिटरी हॉस्पिटलात जाणार आहोत. मनाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. गावात हे सांगतात, कानाचं दाखवायचंय. सांगू देत. काल दोन भाकरी खाल्ल्या. रेखामामी.


हॅरिस पार्क
२९ ऑक्टोबर २००८

ती. मामा आणि मामी,

काल इथे दिवाळी होती. आमच्या गल्लीत पणत्या, फुलबाज्या आणि त्या बघायला थांबलेले पोलीस. आणि आज बुधवार.

तुमचं पत्र मी रॉसला वाक्यावाक्याने इंग्रजीत करून वाचून दाखवलं. ‘छाती झाली नाही’ इथे मला थांबावं लागलं. तो म्हणाला, ‘टेक युअर टाइम.’ मग पावती हातात दिली. त्याला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. त्याने ठाण्याच्या निळ्या शिक्क्यावरून बोट फिरवलं, तुमच्या सहीवरून फिरवलं आणि विचारलं, ‘यात त्यांचं नाव कुठे आहे?’ मी दाखवलं. ‘म्हणायचं कसं?’ मी म्हटलं, भास्कर. त्याने आठ-दहा वेळा म्हणून बघितलं. ‘बास्का’च्या पुढे गाडी गेली नाही.

मग तो आत गेला. मला वाटलं, ठेवायला गेला. बाहेर आला तो कोट घालून, छातीवर मेडलं लावून. वेंटवर्थव्हिलच्या त्या स्वयंपाकघरात, व्हॅक्युम क्लीनरच्या शेजारी तो ताठ उभा राहिला आणि टेबलावरच्या पावतीला सॅल्यूट केला. मामा, मी एवढीशी झाले. हातात झाडू होता तो कुठे ठेवावा कळेना, म्हणून तसाच धरून मीही ताठ उभी राहिले.

पावती त्याने ब्रायनच्या रुमालात बांधली. म्हणाला, ‘त्याला सांग, इथे कुणीही चोरून घेणार नाही. आणि पंचवीस एप्रिलला मी विचारीन.’

आईला मी काल खरं सांगितलं, घरं साफ करते म्हणून. ती रडली आणि मग विचारलं, पुसायचा कपडा तरी स्वच्छ असतो ना?

तुमची,
मयूरा


वाघजाईवाडी
२६ एप्रिल २००९

चि. मयूरा,

आशीर्वाद. तुझ्या पाकिटातली रॉससाहेबांची चिठ्ठी बावीस तारखेला पोचली. ‘पंचवीसला उघडावी’ असं वर लिहिलं होतं, म्हणून ट्रंकेत ठेवून दिली. मामी तीन दिवस ट्रंकेभोवती फिरत होती.

लोकसभेची धामधूम आहे. गेल्या महिन्यात ठाण्याचा नवा शिपाई यादी घेऊन दारात आला. ‘आबा, निवडणूक आहे, बंदूक जमा करा.’ म्हटलं, खंडेनवमीपासून जमा आहे. तो म्हणाला, ‘पावती दाखवा.’ म्हटलं, पावती सिडनीला आहे. तो माझ्याकडे बघायला लागला, मी त्याच्याकडे. शेवटी मामीने त्याला चहा दिला आणि सगळं सांगितलं, उल्हासपासून. पोरगा ऐकत राहिला. जाताना म्हणाला, माझे वडील पण फौजेत होते, ते पण बोलत नाहीत. म्हटलं, त्यांना रविवारी इकडे पाठव. ते आले. पहिल्या दिवशी फक्त चहा प्यायले. आता आम्ही चौघे जुने फौजी जमतो.

पुण्याच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. झोप येते. सगळ्या रात्री नाही, पण येते.

काल पहाटे मी आणि मामी अंगणात उभे राहिलो. तुमची पहाट आमच्याआधी साडेचार तास होते, तेव्हा म्हटलं, आपली आपण धरू. बिगुल नव्हता. मी ब्रायनचं नाव घेतलं, मिकचं घेतलं, आणि अठरा वर्षांनी मोठ्याने उल्हासचं घेतलं. मग चिठ्ठी उघडली. त्यात तुझ्या अक्षरात एकच ओळ होती आणि खाली त्यांची सही. ‘भास्कर, या वर्षी परत हवी?’

रॉससाहेबांना सांग, या वर्षी नको.

आणि लगेच त्यांना माझ्या वतीने विचार, त्यांना हवी का? काय म्हणतात ते ताबडतोब कळव. मी वाट बघतो आहे.

तुझा मामा,
भास्कर